भाकरीची लाज आणि किवीचं बारसं

या महिन्यात पत्रांचा ढीग एकाच बाजूला कलंडलाय. गेल्या अंकात मी जाता जाता एक ओळ लिहिली होती, "ज्वारीला आता बरे दिवस आलेत." त्यावर सतरा पत्रं आली, त्यातली अकरा रागावलेली. त्यामुळे लोणच्याला बुरशी का येते आणि इडलीचं पीठ थंडीत का फुगत नाही, हे पुढच्या खेपेला. नव्या वाचकांसाठी सांगते. मी बार्शीची. वडील मार्केट यार्डात आडत दुकानावर दिवाणजी होते. मी स्वतः मुंबईत सत्तावीस वर्षं जाहिरातींची मराठी कॉपी लिहिली. आता पुण्यात असते. धान्याचा ढीग आणि धान्याची जाहिरात, दोन्हींच्या जवळ आयुष्य गेलं.

प्रश्न : ताई, बरे दिवस आले म्हणता, पण कुणाचे? माझ्याकडे अकरा एकर शाळू, म्हणजे रब्बी ज्वारी असते. मुलगा पुण्यात नोकरीला आहे. दिवाळीला येताना त्यानं मॉलमधून फुलवलेल्या ज्वारीचं मसाला लावलेलं पाकीट आणलं, पन्नास ग्रॅमचं. त्यावरची किंमत वाचली, आमच्या विक्रीच्या पट्टीवरचा क्विंटलचा भाव आठवला आणि पाकीट न फोडताच खाली ठेवलं. पूर्वी आम्हाला 'भाकरी खाणारे' म्हणून हसायचे. मधल्या काळात झालं तरी काय? — एक शेतकरी, मंगळवेढा तालुका

दादा, राग बरोबरच आहे. पण पैसा कुठे गेला ते सांगण्याआधी लाज कुठून आली ते सांगू द्या. कारण माझ्या धंद्यात खरं काम तेच असतं. पदार्थाची चव आम्हाला वाढवता येत नाही. त्याला चिकटलेली लाज तेवढी काढता येते, आणि त्याचे पैसे मिळतात.

ज्वारीला ती लाज माझ्या लहानपणी चिकटली. १९६४ साली सीएसएच-१ हे ज्वारीचं पहिलं संकरित वाण आलं. पीक भरघोस, पण खरिपातलं. दाणा भरताना पाऊस लागला की काळा पडायचा. त्याची भाकरी करड्या रंगाची आणि गार झाली की वातड. मराठीत 'हायब्रीड' ही शिवी त्या भाकरीवरून पडली असं माझं मत आहे. 'हायब्रीड पोरं' म्हणताना आमच्या मामांचं तोंड अजून त्या घासासारखंच होतं. त्यावर आला १९७२ चा दुष्काळ. दुष्काळी कामावर सुकडी आणि रेशनला अमेरिकेची लाल मिलो. मिलोही ज्वारीच, पण तिकडे ती गुरांना घालतात हे गावभर झालं आणि मग कुणाला काय सांगणार? पुढे रेशनवर गहू येत राहिला. सणाला होणारी चपाती रोजची झाली. ज्याच्या घरी रोज चपाती, ते घर सुधारलेलं. १९७० च्या सुमारास देशात ज्वारी पावणेदोन कोटी हेक्टरांच्या घरात होती. आज ती चाळीस लाखांच्या आसपास उरली आहे.

१९७८ साली मी पुण्यात कॉलेजला आले. आठवड्यातून दोनदा बार्शीहून एसटीनं डबा यायचा. वरच्या खणात शेंगदाण्याची चटणी, खाली धडप्यात बांधलेल्या कडक भाकऱ्या. खोलीतल्या दोघी मेसच्या घडीच्या पोळ्या खायच्या. मी सहा महिने "मला बाई भूक लवकर लागते" असं सांगून त्या यायच्या आत जेवून घ्यायची. एकदा त्यातली एक लवकर आली, चटणीसाठी डब्यात हात घातला आणि भाकरीचा तुकडाही मोडून घेतला. म्हणाली, "अगं, हे तर खारीसारखं लागतं!" त्या संध्याकाळी तिघींनी मिळून तीन दिवसांचा डबा संपवला. भाकरी तीच होती. तिला फक्त खारीच्या शेजारी बसवलं गेलं. पुढे सत्तावीस वर्षं मी याच कामाचा पगार घेतला.

सरकारनंही हेच केलं, जरा मोठ्या प्रमाणावर. 'भरड धान्य' म्हणण्याऐवजी 'पौष्टिक धान्य' म्हणायचं, असं केंद्रानं एप्रिल २०१८ मध्ये ठरवलं. भरड! त्या शब्दातच दात दुखतात. मग भारताच्या प्रस्तावावर, ७२ देशांच्या पाठिंब्यानं, संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे भरड धान्यांचं वर्ष जाहीर केलं. त्या वर्षीच्या अर्थसंकल्पात निर्मला सीतारामन यांनी 'श्री अन्न' हे नाव वापरलं आणि सप्टेंबरात दिल्लीला जी-२० च्या मेजवानीत पाहुण्यांना राळ्याची कुरकुरीत पानं वाढली गेली. राळा! आमच्याकडे भोगीला राळ्याचा भात व्हायचा. 'न खाई भोगी तो सदा रोगी' म्हणत आजी तो आम्हाला जबरदस्तीनं खायला घालायची.

'श्री अन्न' या नावाबद्दल विचाराल तर माझ्या मते ते देव्हाऱ्यात बसलं, किराणा दुकानात उतरलं नाही. "दोन किलो श्री अन्न द्या" असं म्हणणारं गिऱ्हाईक मी अजून पाहिलेलं नाही. 'मिलेट' मात्र रोज ऐकते. ते खपतं, कारण त्या शब्दात आजी नाही, दुष्काळ नाही, रेशनची रांग नाही. शिवाय मधुमेहाचे डॉक्टर "पोळी कमी करा, भाकरी खा" म्हणू लागले. ही जाहिरात आमच्या सगळ्या एजन्सींना भारी पडली.

लाज गेली, पण भाकरी थापायला हात कुठून आणायचे? माझी भाची हिंजवडीत काम करते. तिनं उत्साहानं ज्वारीच्या पिठाचं पाकीट आणलं. परातीत पीठ मळलं, थापायला घेतलं तर कडा फाटल्या. उचलताना दोन तुकडे. तव्यावर पडला तो नकाशा. मला फोन करून रडवेली होऊन म्हणाली, "मला जमतच नाही." मी पाकिटावरची तारीख वाचायला सांगितली. पीठ तीन महिन्यांपूर्वीचं! त्याची विरी, म्हणजे चिकटपणा, केव्हाच गेलेली. ज्वारीचं पीठ आठ-दहा दिवसांत संपवायचं असतं, हे बार्शीत कुणी कुणाला शिकवत नाही. जुन्या पिठाला निदान उकळीचं पाणी लागतं, हे त्या चकचकीत पाकिटावर कुठेही लिहिलेलं नव्हतं. भाचीला वाटलं दोष तिचा. ती परत पोळीवर गेली. जाहिरातीनं दारापर्यंत आणलेलं गिऱ्हाईक असं परातीत गेलं. म्हणून फुलवलेली ज्वारी, ज्वारीचे पोहे, रवा, सोलापूरच्या बायकांच्या कडक भाकऱ्यांची पाकिटं हे सगळं खपतं. त्यात थापणं नाही.

आता तुमचा पैसा. पाकिटातला काही वाटा फुलवण्याचा, काही पाकिटाचा, बराचसा दुकानातल्या फळीचा. त्याबद्दल मी भांडत नाही. भांडण आहे ते ढिगाशी. मोहोळच्या संशोधन केंद्रात निवडलेलं मालदांडी ३५-१ हे ज्वारीचं वाण, त्याला साजेशी तुमची काळी जमीन, वर २०१६ साली मंगळवेढ्याच्या मालदांडीला मिळालेलं भौगोलिक मानांकन, म्हणजे हा माल इथलाच अशी सरकारी नोंद. एवढं सगळं असताना यार्डात पोतं सुटतं आणि तुमची ज्वारी इतरांच्या ज्वारीशेजारी नुसती 'ज्वारी' होऊन पडते. मी लहानपणी हे रोज पाहिलंय. आडत्या मूठभर दाणे तळहातावर घेतो, फुंकर मारतो, एक दाणा दाताखाली धरतो. त्याला कळतं की हा माल चांगला आहे. ते त्याच्यापाशीच राहतं. गिऱ्हाइकापर्यंत जात नाही. मानांकन ही दारावरची पाटी आहे. पाटी लावली म्हणून दुकान चालत नाही. तुमच्या गावातल्या आठ-दहा जणांनी माल वेगळा ठेवला, स्वच्छ केला, पाच-पाच किलोच्या पिशव्यांवर गावाचं नाव घातलं आणि मुलाच्या सोसायटीपासून सुरुवात केली, तर ढीग टळतो. आणि अर्धा एकर हुरड्याला ठेवा. शेणाच्या गोवऱ्यांची आगटी, तळहातावर चोळलेलं गरम कणीस, लसणाची चटणी आणि दही यांसाठी पुण्याची माणसं माणशी पैसे मोजून, वर बैलगाडीत बसून जातात. तिथे फळीही नाही आणि आडतही नाही.

प्रश्न : बाई, सातवीच्या मुलांनी विचारलं, "किवी पक्षी न्यूझीलंडचा, मग किवी फळ तिथलंच का?" मी हो म्हणून मोकळा झालो. बरोबर सांगितलं का? — एक शिक्षक, येवला

सर, उद्या वर्गात शब्द मागे घ्या. मुलांना गोष्ट आवडेल.

फळ चीनचं. तिकडे त्याच्या नावाचा अर्थ 'माकडाचं पीच' असा होतो. १९०४ साली इझाबेल फ्रेझर नावाच्या मुख्याध्यापिका चीनमधून न्यूझीलंडला परतताना त्याचं बी घेऊन आल्या (तुमच्याच पेशातल्या बाई, हेही मुलांना सांगा). तिथल्या बागायतदारांनी ते वाढवलं. हेवर्ड राइट यांनी निवडलेली मोठ्या फळाची जात आजही 'हेवर्ड' नावानं जगभर लावली जाते. इंग्रजीत मात्र नाव होतं 'चायनीज गूजबेरी'. पन्नासच्या दशकात ते अमेरिकेला पाठवायची वेळ आली. एक तर ते दिवस शीतयुद्धाचे, 'चायनीज' नाव तिथे चालायला अवघड. ऑकलंडच्या टर्नर्स अँड ग्रोअर्स या निर्यातदार कंपनीनं आधी 'मेलोनेट' सुचवलं. तर अमेरिकेत मेलन आणि बेरी या दोन्हींवर आयात कर जबर. म्हणजे जुनं नावही करात आणि नवंही करात! शेवटी १९५९ साली 'किवीफ्रूट' ठरलं. गोल, तपकिरी, अंगावर लव. पक्ष्याशी साम्य काढायला फार कष्ट पडले नसतील.

नावं ठेवून पोट भरलेल्या माणसाला यातली पुढची गंमत जास्त कळते. 'किवी' हे नाव त्यांनी स्वतःच्या मालकीचं करून ठेवलं नाही. मग इटली, चिली, सगळेच किवी पिकवून 'किवी' म्हणून विकू लागले. आज सर्वांत जास्त किवी पिकते ती चीनमध्ये, म्हणजे माहेरीच, सासरचं नाव लावून. न्यूझीलंडच्या बागायतदारांना १९९७ मध्ये 'झेस्प्री' हे दुसरं नाव आणावं लागलं, आणि ते त्यांनी घट्ट धरून ठेवलंय. तुम्ही फळावरचा छोटा गोल स्टिकर पाहिला असेल.

आपल्याकडे किवी हिमाचल आणि अरुणाचलात होते. पण पुण्याच्या बाजारात तिचा भाव चढवायला कुठली कंपनी लागत नाही, डेंग्यूची साथ पुरते. "प्लेटलेट वाढतात" म्हणत शेजारपाजारची माणसं पिशव्या भरून नेतात. फळ चांगलं आहे, जरूर खा. पण डेंग्यूला दवाखाना लागतो.

प्रश्न : आम्ही कोळी. पापलेट-सुरमईला मान आणि बोंबील-मांदेलीला नाकं मुरडणं, हे लहानपणापासून बघते. ताई, तुम्ही एखादं झकास नाव काढून द्या ना बोंबलाला! — एक वाचक, वसई

नाव मी काढून दिलं असतं हो, पण एका माशाची गोष्ट ऐका, मग ठरवा.

दक्षिणेकडच्या बर्फाळ समुद्रात पॅटॅगोनियन टूथफिश नावाचा मासा आहे. दात बाहेर, तोंड भेसूर. १९७७ साली ली लँट्झ हा लॉस एंजेलिसचा मासळी आयातदार चिलीतल्या वाल्पाराइसोच्या धक्क्यावर गेला असता त्याला तो दिसला. मांस पांढरं, तेलकट, वास जवळजवळ नाहीच. शेफ त्याला हवी ती चव देऊ शकेल असं. अडचण नावाची. त्यानं ठेवलं 'चिलीयन सी बास'. मासा बास जातीचा नाही. पण 'बास' म्हटलं की अमेरिकी माणसाला ओळखीचं वाटतं आणि 'चिलीयन' म्हटलं की लांबचं. १९९४ मध्ये अमेरिकेच्या सरकारी खात्यानंही ते नाव मान्य केलं. एव्हाना तो महागड्या हॉटेलांच्या मेन्यूवर चढलेला होता.

आणि मग तो कमी होऊ लागला. हा मासा सावकाश वाढतो, उशिरा अंडी घालतो, पन्नास वर्षंही जगतो. चोरून पकडणारे इतके वाढले की २००२ मध्ये अमेरिकेतल्या शेफनीच तो मेन्यूवरून काढायची मोहीम उघडली. ज्यांनी चढवला, त्यांनीच उतरवला. कुरूप होता तोवर तो सुखात होता.

बोंबलाची अडचण नावाची नाहीच. तो पाणीदार आणि नाजूक. धक्क्यावरून पुण्याला पोचेपर्यंत त्याचा लगदा होतो. म्हणून तर तुमच्याकडे वलांड्यांवर सुकत घालतात. ओला तळायचा तर चिरून, पाट्याखाली दाबून पाणी काढायला हवं, तेव्हा कुठे रवा धरतो. मालवणी-गोमंतकी खाणावळींनी हे दाबायचं काम स्वतःवर घेतलं आणि आज मुंबईत 'बोंबील फ्राय'चा दर वाचा. नाव तेच, वासही तोच. उलट हॉटेलांत 'बासा' म्हणून जो येतो, तो व्हिएतनामच्या तळ्यांतला. अमेरिकेनं २००२ मध्ये कायदा करून त्याला 'कॅटफिश' म्हणायला बंदी केली, म्हणून तो बासा वगैरे नावांनी फिरला. काटा नाही, वास नाही आणि मला विचाराल तर मासाही नाही! हे माझं वैयक्तिक मत, संपादकांचं नव्हे.

मांदेलीला मात्र हात लावू नका. ती स्वस्त आहे तोवर माझ्यासारखीला परवडते.

प्रश्न : इथे कॅफेत हळदीचं दूध 'गोल्डन लाते' म्हणून मिळतं. लहानपणी नाक दाबून प्यायलेय, आता डॉलर मोजून पिते. हसू की रडू? — एक वाचक, न्यू जर्सी

हसा. रडायची वेळ १९९५ ला आली होती. जखमेवर हळद लावण्याच्या 'शोधा'चं पेटंट अमेरिकेत एका विद्यापीठाला मिळालं होतं. डॉ. रघुनाथ माशेलकरांच्या नेतृत्वाखाली सीएसआयआर या सरकारी संशोधन संस्थेनं जुन्या ग्रंथांतले दाखले मांडून ते आव्हानात आणलं आणि १९९७ मध्ये ते रद्द झालं. त्यामानानं लाते निरुपद्रवी आहे. पुढच्या वेळी सांगलीची हळद घेऊन जा आणि कॅफेवाल्याला हरिपूरच्या पेवांची गोष्ट सांगा. जमिनीत खोल खड्डे आणि त्यात साठवलेली हळद. ही जाहिरात अजून कुणी नीट लिहिलेली नाही.

प्रश्न : तुम्ही जाहिरातवाल्यांनी लोकांना हवं-नको ते खायला लावलं. एक तरी जाहिरात दाखवा जिनं शेतकऱ्याचं भलं केलं. — एक निवृत्त बँक अधिकारी, सांगली

दाखवते. "संडे हो या मंडे, रोज खाओ अंडे."

चाल आठवली ना लगेच? आमच्या घरी अंडं स्वयंपाकघरात येत नसे. धाकट्या भावाला डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा आईनं परसात वेगळी चूल मांडली, वेगळं पातेलं ठेवलं, आणि ते पातेलं पावसाळ्यातही बाहेरच असायचं. हे घराघरांत होतं. शिवाय उन्हाळ्यात अंडं 'उष्ण' आणि श्रावणात वर्ज्य. म्हणजे कोंबड्या बारा महिने अंडी घालणार आणि गिऱ्हाईक सहा महिने खाणार. ऐंशीच्या सुरुवातीला व्यापारी भाव पाडायचे आणि पोल्ट्रीवाले उत्पादनखर्चाच्याही खाली विकायचे. पुण्याच्या वेंकटेश्वरा हॅचरीजचे डॉ. बी. व्ही. राव यांनी पोल्ट्रीवाल्यांना एकत्र आणून १९८२ मध्ये राष्ट्रीय अंडी समन्वय समिती, म्हणजे एनईसीसी उभी केली. अंड्याचा भाव आपण ठरवायचा, रोज जाहीर करायचा आणि जाहिरातही मिळून करायची. ही ओळ त्या समितीचीच.

कारागीर म्हणून मला त्या ओळीत काय आवडतं, सांगू? तीत पौष्टिकपणाचं एक अक्षर नाही. प्रथिनं नाहीत, डॉक्टर नाही, पैलवान नाही. 'खावं की नाही' हा प्रश्नच तिनं विचारला नाही. सरळ वाराचा प्रश्न काढला आणि तोही मिटवून टाकला. सोमवार! उपासाच्या वारालाच तिनं हात घातला. मी इतकी वर्षं लिहिलं, पण इतकी आगाऊ आणि इतकी निरागस ओळ मला एकही जमली नाही.

दुसरं म्हणजे, तिच्यात कुठल्या कंपनीचं नाव नाही. अंडं कुणाचंही असो, खप सगळ्यांचा वाढणार. सरकारी आकडेवारीत २०२३-२४ ला वर्षाकाठी माणशी १०३ अंडी झाली. ते सगळं त्या ओळीचं श्रेय नव्हे. खाद्य, पिंजरे, रस्ते, शाळांतला आहार, बरंच काही आहे. पण बाजारभाव सांगणारा आपल्यातलाच असणं, हे आमच्या मंगळवेढ्याच्या दादांकडे अजून नाही. श्रावणात भाव आजही पडतो, ते खरं. इतक्या वर्षांत जाहिरातीला श्रावण काही जिंकता आला नाही, आणि मला त्यात एक छुपा आनंद आहे.

आता तुमच्या बाजूनं एक पुरावा मीच देते, म्हणजे फिटंफाट. नव्वदच्या दशकात एका बिस्किट कंपनीसाठी मी 'आजीच्या हातची नाचणी' अशी ओळ लिहिली होती. ती गाजली. पाकीट छापून आलं तेव्हा मागचे घटक वाचले. मैदा पहिला, साखर दुसरी, मग तेल, आणि नाचणी मिठाच्या जरा वर. मी साहेबांना विचारलं. ते म्हणाले, "आजीचा हात तरी कितीसा मोठा असतो?" सगळे हसले. मीही हसले. ते हसणं अजून घशात आहे. तेव्हापासून कुठलंही 'मल्टिग्रेन' हातात आलं की मी पाकीट उलटं करते. घटक वजनाच्या उतरत्या क्रमानं लिहावे लागतात. पहिलं नाव मैद्याचं असेल तर पुढची सगळी धान्यं पाहुणी आलेली आहेत.

प्रश्न : आमचा बारा जणींचा बचत गट नाचणीची बिस्किटं, आमसुलं आणि फणसपोळी करतो. मुंबईच्या प्रदर्शनात लोक म्हणाले, माल छान पण 'ब्रँडिंग' नाही. आम्ही 'कोकण मिलेट डिलाइट' असं नाव ठरवलंय. कसं आहे? सोबत बिस्किटं पाठवतोय. — एक बचत गट, कणकवली तालुका

वैनींनो, नाव बदला. वाईट आहे म्हणून नव्हे, तर त्या नावाची शंभर पाकिटं त्याच प्रदर्शनात असतील. कोकणातलं कुणी 'डिलाइट' म्हणत नाही आणि घेणाऱ्याला तुमची वाडी हवी आहे, डिक्शनरी नको. तुमच्या वाडीचं नाव घाला, अगदी उच्चारायला अडखळलं तरी. अडखळलेलं लक्षात राहतं. किवीवाल्यांची चूक मात्र करू नका. जे नाव घ्याल त्याची आधी नोंदणी करा, गटाच्या नावावर, कुणा एकीच्या नवऱ्याच्या नावावर नको.

तुमच्या बिस्किटात नाचणी किती? पत्रात नाही, पण रंग आणि चव सांगते की ती पहिल्या क्रमांकावर आहे. मग ते पाकिटाच्या पुढच्या बाजूला मोठ्या अक्षरात येऊ द्या: 'मैदा नाही. नाचणी एवढे टक्के.' खरा आकडा. या एका ओळीपुढे माझ्या सगळ्या आज्या फिक्या पडतील. एफएसएसएआयची, म्हणजे सरकारी अन्नसुरक्षा प्राधिकरणाची नोंदणी, वजन, बनवल्याची तारीख हे तर लागतंच. प्रदर्शनात त्यावरूनच अर्धे लोक परत जातात. फणसपोळीचं वेगळं. बरक्याची (मऊ गऱ्यांच्या फणसाची) आहे का काप्याची (कडक गऱ्यांच्या), हे मुंबईतल्या निम्म्या लोकांना माहीत नाही आणि उरलेले त्याच्यावरून भांडतील. भांडू द्या, स्टॉलवर गर्दी होते. 'बरक्या फणसाची' असं ठळक लिहा. आमसुलांना काहीच करू नका. ज्याला ती कळतात तो वासावर येतो. फार तर सोबत सोलकढीची कृती चार ओळींत द्या, कारण नव्या गिऱ्हाइकाची गाडी अडते ती 'आता याचं करू काय?' इथे. माझी भाची आठवा.

आणि हो, कुरियरनं आलेल्या बारा बिस्किटांपैकी पाच शाबूत होती, सातांचा चुरा. चुरा दुधात घालून खाल्ला, उत्तम लागला. पण तो पातळ प्लॅस्टिकचा डबा आधी बदला.